कोरा चौकोन

"अगं, मग टेस्ट केलीसच कशाला?"

ताईनं हे फोनवर विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी तिला नुकतंच सांगितलं होतं की डॉक्टरांशी सगळं बोलून झालंय, ओव्हरीज काढायचं ठरलंय, पण छातीचं ऑपरेशन मी तूर्तास करत नाहीये, तपासण्यांवर राहणार आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग हा प्रश्न आला. मी काहीतरी उत्तर दिलं, विषय मुलांवर गेला, फोन ठेवला. प्रश्न मात्र तिथेच बसून राहिला. कपडे वाळत घालताना, गाडीत सिग्नलला थांबल्यावर, रात्री दिवा मालवल्यानंतर तोच पुन्हा वर यायचा. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पण ताई माझी आतेबहीण. आम्हा दोघींच्या रक्तात एकच बिघाड आहे, एकाच आजीकडून आलेला, स्तनांच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा. टेस्टमध्ये निघाला तो हाच, आणि तिनं दोन्ही स्तन काढून टाकलेत. तिच्या प्रश्नाला माझ्याकडून नीट उत्तर मिळायला हवं.

आजीला मी पाहिलेलंच नाही. मोठी आत्या, म्हणजे ताईची आई, १९९१ साली गेली. ताई तेव्हा शाळेत होती आणि मी तिच्याहूनही बरीच लहान. मला आत्याचा चेहरा नीट आठवत नाही, पण तिचा उजवा हात आठवतो. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यानंतर तो सुजून जड झाला होता, आणि ती तो एका उशीवर ठेवून बसायची, जणू कुणा दुसऱ्याचा हात सांभाळायला दिलाय. मी त्या हातावर बोट दाबायचे. खळगा पडायचा आणि अगदी सावकाश भरून यायचा. ती मला कधी रागावली नाही. उलट "दाब अजून एकदा" म्हणायची. त्या वेळी घरात कुणी 'आनुवंशिक' हा शब्द काढत नव्हतं. आजीला झाला होता, मुलीला झाला, नशीब एकेका घराचं, इतकंच. आत्या गेली त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, १९९० मध्ये, मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं की काही घराण्यांतल्या स्तनांच्या कॅन्सरचा धागा सतराव्या गुणसूत्रावर सापडतो. तो जीन म्हणजे ब्राका-१. आमच्या घराण्यात आहे तो ब्राका-२, तेराव्या गुणसूत्रावरचा, आणि तो सापडला १९९५ मध्ये. आत्याच्या डॉक्टरांना तिच्या मुलीबद्दल, भावाबद्दल, भावाच्या मुलीबद्दल सांगण्यासारखं काहीच हातात नव्हतं. शंका मात्र जुनीच होती. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदानं १८६६ सालीच आपल्या बायकोच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या चाललेल्या कॅन्सरची नोंद छापली होती. त्या नोंदीपासून जीनपर्यंत पोचायला सव्वाशे वर्षांच्या वर गेली, आणि त्या काळात किती घरांनी 'नशीब' म्हणून हात जोडले असतील, हे मनात आलं की मला आजही अस्वस्थ होतं.

आमच्याकडे उलगडा झाला तो धाकट्या आत्यामुळे. तिला साठीच्या आसपास झाला, वेळेत सापडला, ती बरी झाली. टेस्ट शक्यतो ज्याला आजार झालाय त्याच्यापासून सुरू करतात, म्हणजे नेमका कुठला बदल शोधायचा हे बाकीच्यांसाठी पक्कं होतं. तिचा रिपोर्ट आला आणि मग आम्हा सगळ्यांना फोन गेले. ताईनं लगेच टेस्ट केली. मी थोडी उशिरा. माझ्या भावानं अजून केलेली नाही. त्याला दोन मुली आहेत, आणि तो विषय निघाला की तो उठून बाल्कनीत जातो. मी त्याच्या मागे लागत नाही. फक्त वर्षातून एकदा विचारते.

जेनेटिक काउन्सेलरनं माझ्यासमोर एक कागद घेतला आणि बोलता बोलता आमचं घराणं काढलं. बायकांना वर्तुळ, पुरुषांना चौकोन. ज्यांना आजार झाला त्यांची आकृती काळी भरायची. जे गेले त्यांच्यावर एक तिरकी रेघ. आजीचं वर्तुळ काळं, त्यावर रेघ. खाली मोठी आत्या, काळी, रेघ. धाकटी आत्या, काळी, रेघ नाही. आणि दोघींच्या मध्ये बाबा: एक कोरा चौकोन. त्याच्यातून खाली उतरलेल्या रेघेच्या टोकाला माझं वर्तुळ, आणि त्याच्याकडे रोखलेला एक छोटा बाण, कारण चौकशी माझी चालली होती. मी तोपर्यंत सगळ्या फॉर्मांवर 'आईकडे कुणाला?' या प्रश्नाला नाही असंच लिहीत आले होते, कारण प्रश्नच तसा विचारला जायचा. बापाकडून हा आजार येऊ शकतो हे कित्येकांच्या डोक्यातच नसतं. खरं तर ज्याच्याकडे हा बदल आहे त्या प्रत्येकाकडून, बाई असो की पुरुष, प्रत्येक मुलाला-मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. हा जीन सगळ्यांनाच असतो. त्याचं काम तुटलेला डीएनए जोडण्याचं. आमच्याकडे त्याच्या दोन प्रतींपैकी एक जन्मापासून नादुरुस्त आहे, आणि कुठल्या तरी एखाद्या पेशीत दुसरीही गेली की त्या पेशीत चुका साठत जातात.

बाबांना मी तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला, कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे हे माझ्यातून आलं."

मी म्हटलं, "बाबा, तुमच्यातून नाकसुद्धा आलंय." ते हसले नाहीत. त्यांनी दोन बहिणी आणि आई या आजारात पाहिल्या होत्या, आणि आपण वाचलो असं मानून आयुष्य काढलं होतं. आता त्यांना कळत होतं की आपण फक्त ते पुढे नेलं. मी त्यांना समजावत होते की यात कुणी काही केलेलं नसतं. ते मान हलवत होते. पण नंतर कित्येक दिवस माझ्या तब्येतीची चौकशी ते आईमार्फत करायचे. मला त्यांच्या अपराधी वाटण्याचा त्या वेळी थोडा रागही आला, कारण माझी भीती सांभाळता सांभाळता त्यांचंही दुःख मलाच सांभाळावं लागत होतं. तो राग फार टिकला नाही. त्यांनी स्वतःची टेस्ट करून घेतली आणि आता ते दरवर्षी प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी करतात, कारण ब्राका-२ पुरुषांनाही सोडत नाही: प्रोस्टेटचा धोका वाढतो आणि क्वचित पुरुषांनाही स्तनांचा कॅन्सर होतो.

मग आकडे. जवळजवळ दहा हजार बायकांचा पाठपुरावा करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. ब्राका-२ असेल तर वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनांचा कॅन्सर होण्याची शक्यता ६९ टक्के, ब्राका-१ असेल तर ७२. ओव्हरीचा कॅन्सर ब्राका-२ मध्ये १७ टक्के, ब्राका-१ मध्ये ४४. पहिल्यांदा ६९ ऐकला तेव्हा मला तो आजचाच आकडा वाटला. म्हणजे आत्ता, या खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या छातीत तो असण्याची शक्यता ६९ टक्के. भीती आकडे असेच वाचते. वर अँजेलिना जोली या हॉलिवूडच्या नटीनं २०१३ मध्ये स्वतःच्या ऑपरेशनबद्दल लिहिल्यापासून तिचा ८७ टक्क्यांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि ज्यांना मी सांगितलं त्यातल्या बहुतेकांनी तोच मला परत ऐकवला. तिचा जीन वेगळा, ब्राका-१, आणि तो अंदाज तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी सांगितलेला. मला खरा उपयोग झाला तो त्याच २०१७ च्या अभ्यासातल्या दुसऱ्या एका आकड्याचा. ब्राका-२ मध्ये धोका साधारण चाळीस ते पन्नास या वयापर्यंत वाढत जातो आणि मग जवळपास तसाच राहतो: दर हजार बायकांमागे वर्षाला वीस ते तीस. म्हणजे या एका वर्षात मला तो होण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांच्या घरात. हा आकडा छोटा नाही. दरवर्षी नवा येतो, साठत साठत ६९ च्या दिशेनं जातो. पण एका वर्षाला सामोरं जाणं मला जमतं. चाळीस वर्षांना एकदम सामोरं जाणं जमत नव्हतं.

आणि इथेच माझे दोन निर्णय वेगळे झाले. लोकांना वाटतं की हा एकच निर्णय आहे, करायचं किंवा नाही. ओव्हरीचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी आजही नाही. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण धोका असलेल्या दोन लाखांहून जास्त बायकांची चाचणी झाली, त्यातल्या निम्म्यांवर वर्षानुवर्षं सोनोग्राफी किंवा सीए-१२५ ची (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करून पाहिली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. तिथे थांबून लक्ष ठेवण्याला काही अर्थच उरत नाही. ब्राका-२ असेल तर मुलं होऊन गेल्यावर, चाळीस ते पंचेचाळीस या वयात ओव्हरीज आणि ट्यूब दोन्ही काढा म्हणतात. मी चाळिशी ओलांडली आहे, मला आणखी मूल नकोय. हा निर्णय दुःखाचा होता, अवघड नव्हता. ऑपरेशननंतर पाळी एका दिवसात जाईल. गरम वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयाची काळजी हे सगळं दहा वर्षं आधी दारात येईल. त्यासाठी हार्मोन्स घ्यायचे का, आणि स्तन शाबूत असताना घ्यायचे तर किती काळ, यावर माझ्या दोन डॉक्टरांचं बोलणं अजून चालू आहे. पूर्वी सांगत की ओव्हरीज काढल्या की स्तनांचा धोकाही निम्मा होतो. नव्या अभ्यासांनी त्यावर शंका घेतली आहे, त्यामुळे मी तो फायदा हिशोबात धरलेला नाही.

स्तनांचं तसं नाही. तिथे एमआरआय आहे.

एमआरआयमध्ये पालथं झोपवतात. पलंगाला दोन पोकळ्या असतात, त्यात छाती सोडायची, कपाळ एका गोल उशीवर टेकवायचं, हात पुढे. कानात बोळे, वर हेडफोन. हातात सुई आधीच घातलेली असते आणि मध्येच कधीतरी तिच्यातून औषध सोडतात; कोपरापासून खांद्यापर्यंत एक गार रेघ वर सरकते आणि तोंडात धातूची चव येते. मग ठोके, घरघर, पुन्हा ठोके. हलायचं नाही. नाकाला खाज सुटते ती हमखास तेव्हाच. मी त्या वेळात काहीच विचार करू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर वर्षभरात या विषयावर माझं डोकं शांत असतं ते तेवढ्याच वेळात. त्रास पुढे असतो. एका वर्षी रिपोर्टमध्ये डावीकडे काहीतरी चमकलेलं आलं. पुन्हा सोनोग्राफी, मग सुईनं तुकडा काढला, मग थांबणं. त्या दिवसांत मी मुलाच्या वह्यांना कव्हरं घालत होते आणि कात्री सरळ चालत नव्हती. निघालं काहीच नाही. पण मी अंघोळ करताना हात आजही डावीकडे थोडा जास्त वेळ रेंगाळतो. तपासणीवर राहणं म्हणजे काय, ते हे. ती आजार थांबवत नाही, लवकर शोधते, आणि सापडला तर केमोथेरपीसकट सगळं करावं लागू शकतं. मधूनमधून फुकटची भीती घालते ती वेगळीच. हे सगळं माहीत असून मी ते निवडलंय.

ताईनं ऑपरेशननंतर काही महिन्यांनी मला खोलीत नेऊन ब्लाउजची बटणं काढून दाखवलं होतं. तिनं आतून इम्प्लांट बसवून घेतलेत. दोन्हीकडे खालून वळलेले व्रण, तेव्हा अजून गुलाबी होते, चकचकीत. आकार छान आलाय. तिनं माझं बोट धरलं आणि मधोमध टेकवलं. "इथे काही कळत नाही," म्हणाली. मग बाजूला सरकवलं. "इथे थोडं. कापडावरून हात लावल्यासारखं." नसा कापल्या जातात, त्या सगळ्या परत येत नाहीत. गरम पाण्याची पिशवी छातीशी घेऊ नका, भाजलं तरी समजणार नाही, असं तिला डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मला ते व्रण बघून भीती वाटली नाही. भीती त्या न कळण्याची वाटली. आणि त्याच क्षणी तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं तेही खरं होतं: ती मोकळी झाली होती. शाळेत असताना आई गेल्यापासून तिनं जो दिवस येणार म्हणून गृहीत धरला होता, तो तिनं रद्द करून टाकला होता. धोका नव्वद टक्क्यांहून अधिक कमी होतो. पूर्ण जात नाही, कारण स्तनाच्या सगळ्याच्या सगळ्या पेशी काढता येत नाहीत, पण तिच्यासाठी एवढं भरपूर होतं. तिला रात्री झोप लागते. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं ती म्हणते, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

लोक तिला शूर म्हणतात. माझ्याबद्दल कळलं की आधी थोडं थांबतात आणि मग म्हणतात, "बघ बाई, विचार कर." म्हणजे तिनं विचार पूर्ण केला आणि माझा अजून व्हायचाय, असं काहीसं. हे मला खटकतं. धाडसाच्या मापानं हा निर्णय मोजताच येत नाही. आपण कुठली गोष्ट सहन करू शकतो, एवढाच तो प्रश्न. ताईला वाट बघणं सहन होत नव्हतं, कारण ती वाट बघत वाढली. मला अंगाचा स्पर्श जाणं सहन होणार नाही, निदान आज तरी. आणि आज ज्या माहितीवर उभं राहून मी हे म्हणतेय ती कच्ची नाही. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या एका अभ्यासात ब्राका-१ असलेल्या बायकांना ऑपरेशनमुळे आयुष्याचा फायदा दिसला. ब्राका-२ असलेल्यांत ऑपरेशन केलेल्या आणि नियमित तपासण्यांवर राहिलेल्या बायकांमध्ये स्तनांच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास सारखे निघाले. माझा जीन ब्राका-१ असता, तर मी कदाचित ताईसारखंच केलं असतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला सारखी विचित्र वाटत राहते. ज्यांना लहान गाठ झालीय अशा बायकांसाठी अख्खा स्तन काढणं गरजेचं नाही, गाठ काढून रेडिएशन दिलं तरी जगण्याची शक्यता तेवढीच राहते, हे बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चाचणीनं १९८५ मध्ये दाखवलं. तेव्हापासून आजारी बायकांची ऑपरेशनं लहान लहान होत आली. आणि आम्ही, ज्यांना अजून काहीही झालेलं नाही, आम्हाला सगळ्यात मोठं ऑपरेशन समोर ठेवलं जातं. त्यामागचं कारण मला पटतं: त्यांच्यात एक गाठ आहे, आमच्यात प्रत्येक पेशीत शक्यता आहे. पण निरोगी अंग हातात घेऊन कापायला देणं ही गोष्ट कितीही पटली तरी सोपी होत नाही, आणि ती सोपी आहे असं कुणी माझ्याशी बोलू नये. गोळ्यांचाही पर्याय आहे. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं. ब्राका-२ मधले बरेचसे कॅन्सर हार्मोनवर वाढणारे असतात, त्यामुळे उपयोग होऊ शकेल, पण आमच्यासारख्या बायकांवरचा पुरावा थोडा आहे आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका खरा आहे. ओव्हरीजचं झाल्यावर त्याचं बघू, असं ठरलंय.

टेस्ट कशाला केली, हे मी ताईला नंतर एका संध्याकाळी सांगितलं, समोर बसून. म्हटलं, ओव्हरीजचं मला कधीच कळलं नसतं. एमआरआय मला कुणी दिला नसता. बाबा पीएसएला गेले नसते. टेस्टनं मला एवढं दिलं, आणि स्तनांचं काय करायचं ते माझ्यावर सोडलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "मला भीती वाटते गं, तुझी." त्या फोनवरच्या प्रश्नात हेच होतं, तेव्हा शब्दांत आलं नव्हतं. तिनं आई गमावली आहे. तिला मी गमवायची नाहीये. मी तिला शब्द दिला की एकही तपासणी चुकवणार नाही, आणि ज्या वर्षी वाट बघणं मला ताईसारखं जड व्हायला लागेल, त्या वर्षी तिच्याच डॉक्टरांकडे जाईन.

आता तिची मुलगी विशीत आली आहे. तिनं मला परस्पर फोन केला. "मावशी, टेस्ट केली आणि निघालं, तर आईसारखं करावंच लागेल का?" मी म्हटलं नाही. निघालं तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीपासून मॅमोग्राम, ओव्हरीजचा विचार पुष्कळ पुढे, आणि बाकी सगळं तुझ्या हातात. न निघण्याची शक्यताही निम्मी आहे, हेही सांगितलं. आधी काउन्सेलरकडे जाऊ. रक्त त्याच दिवशी द्यायला हवं असं काही नाही. तिनं विचारलं, आईला सांगू का. मी म्हटलं, आईला बरोबरच घे. ताईला आधी लागलं, की मुलीनं पहिला फोन मला केला. मग म्हणाली, येते मी, पण तिथे काही बोलणार नाही, नाहीतर पोरगी माझ्याकडे बघून ठरवेल. मी तिला म्हटलं, बोल. सगळं बोल, झोप लागते ते सांग, तुझे व्रण तिला दाखव, बोट धरून कुठे कळतं आणि कुठे नाही तेही दाखव. आणि माझ्या पुढच्या एमआरआयला मी तिला घेऊन जाते.